तुझ्या एका ओळीची परवानगी

ओउलू, शनिवार

प्रिय तायमी मावशीस एस्कोचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तळं गोठलं का? (गोठलं असलं तरी माझ्यासारखं काठावरूनच बघ.) मी बरा आहे. शाळा अर्धवट सुटली तरी जेवण वेळेवर होतं, असं आईला सांग.

पत्रास कारण, सौना, म्हणजे आपली वाफेच्या स्नानाची खोली, तापली की फोनवर कळवणारा माझा प्रोग्रॅम. मी तो सगळ्यांना फुकट दिला, पण कॉपीलेफ्टच्या अटीवर: वापरा, बदला, विका, मात्र पुढे कुणाला दिलात तर तुमचे बदलही याच अटीवर सगळ्यांसाठी उघडे ठेवा. एका कंपनीने तो आपल्या सौनाच्या शेगड्यांत घातला. त्यामुळे तिथला ट्रूल्स (नॉर्वेचा आहे, फार बडबड्या) दर सोमवारी केलेले बदल मला पाठवतो आणि खाली एखादी ओळ लिहितो. "काय रे म्हाताऱ्या, आहेस का अजून?" अशी. मी उत्तराचा मसुदा रविवारीच करून ठेवतो.

गेल्या सोमवारी त्याने लिहिलं, "दोस्ता, आमचे वकील डोकं खातायत. परवाना मोकळा करून टाक ना! नाव तुझंच राहील, फक्त बदल उघडे करायची सक्ती नको. या सोमवारच्या कटकटीतून मीही सुटेन."

मला नाही म्हणता येत नाही, हे तू जाणतेस. (दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेला दुसरा व्हॅक्यूम क्लीनर अजून खोक्यातच आहे.) मी लगेच "अवश्य!" असं कळवलं, आणि मग 'कटकट' हा शब्द पुन्हा वाचला.

आता अट सैल करायची तर प्रोग्रॅमला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्या प्रत्येकाची संमती लागते. कंपनीची आहेच. उरलीस तू. "सौना तापली" हा माझा कोरडा निरोप तू "सौना तापली, या लवकर, वाट पाहतोय" असा करून दिला होतास. ती ओळ तुझी. तरी सोबतच्या कागदावर सही करून धाडावीस, ही नम्र विनंती.

तुझा,
एस्को

ता. क. सही करू नकोस.

ता. क. २. नकार चांगला खरमरीत लिही, म्हणजे ट्रूल्सला दाखवता येईल. "मावशी ऐकतच नाही रे," एवढं म्हणायला मला जमेल.

ता. क. ३. आत्ताच फोनवर तुझी ओळ आली. सौना मीच तापवली होती, फोनही माझाच. तरी टॉवेल घेऊन घाईघाईने निघालो आहे.