पुंडलिकरावांच्या फोनवरची अकरा माणसं

हिंगणघाट,
५ एप्रिल २००५

प्रिय गजेंद्र,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा थांबला. पण राग कितीही असो, पत्राची सुरुवात नीट करायची, ही आईनं लावलेली सवय. ती असती तर तिनंच तुझा कान धरला असता. मेल करत नाही, कारण घरच्या कॉम्प्युटरवरून पाठवलेलं सगळं बाबा वाचतात आणि हे त्यांनी वाचायला नको. म्हणून स्पीड पोस्ट.

दिवाळी आठवते का रे? बंगलोरहून येऊन तुझी बॅगसुद्धा उघडली नव्हती, तोंडात चकली होती, आणि तू म्हणालास की बाबांचा मेलचा प्रोग्राम जुनाट झाला, नवा टाकून देतो. नावं, नंबर, कॅलेंडरमधल्या तारखा, सगळं अर्ध्या तासात इकडचं तिकडे. मी विचारलं होतं, त्यात रक्त देणाऱ्यांची यादी आहे, ती नीट जाईल ना? तू हसलास. एवढा मोठा इंजिनिअर, त्याला मी विचारणारी कोण!

ती यादी कशी सुरू झाली, हे तुला मी सांगायचं? तू जन्मलास तेव्हा आईचं रक्त थांबत नव्हतं. बाबा सायकलवर अख्खं हिंगणघाट फिरले. शेवटी गिरणीतला एक कामगार जेवणाचा डबा तसाच टाकून आला आणि त्यानं रक्त दिलं. त्याचं नाव बाबांनी एका वहीत लिहिलं, ती यादीतली पहिली ओळ. पुढं कापडाचं दुकान सांभाळून त्यांनी दोनशे चाळीस माणसं जोडली. सावंगीच्या दवाखान्यातून कुणाचेही नातेवाईक फोन करोत, बाबा पाच मिनिटांत माणूस शोधून देत. तू कॉम्प्युटर घेऊन दिलास तेव्हा महिनाभर एका बोटानं त्यांनी सगळी वही त्यात उतरवली. नाव, गाव, रक्तगट, फोन. कुणी कधी रक्त दिलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा कधी देऊ शकेल, त्या तारखा कॅलेंडरमध्ये.

आता अल्लीपूरचं ऐक. तू बंगलोरला राहतोस, तुला कदाचित खरंच विसर पडला असेल. तिथं घरोघरी फोन नाहीत. पुंडलिकरावांच्या किराणा दुकानात एक फोन, आणि यादीतल्या अकरा जणांचा तोच पी.पी. नंबर. फोन आला की पुंडलिकराव ओट्यावरून हाक मारतात आणि तो माणूस येतो. तुझ्या नव्या प्रोग्रामनं विचारलं, एकच नंबर अकरा वेळा आहे, सगळे एक करू का? अन् तू बिनधास्त 'होय' दाबलंस. अकराही माणसं पुंडलिकरावांच्या एका नावात गेली, बाकीची नावं अन् रक्तगट पुसले गेले. बाबा मागं उभे राहून, अरे थांब, ते पी.पी.चे आहेत, म्हणत होते. तू मान वळवली नाहीस. "बाबा, तुमाले यातलं काई समजत नाई, तुमी फराळ करा." मग मला म्हणालास, ताई, केवढा कचरा जमवून ठेवला होता यायनं! आणि मी हसले, गजेंद्र. ते हसणं मला अजून झोंबतं. जाताना जुनी वहीसुद्धा तू रद्दीत घातलीस. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. पोरानं केलं म्हणजे बरोबरच असेल, असं त्यांचं नेहमीचं.

होळीच्या आठ दिवस आधी बाबा यवतमाळला लग्नाला गेले होते. मोबाइल ते वापरत नाहीत. सकाळी अकराला आपल्या गल्लीतल्या शोभाबाईंचा सावंगीहून फोन आला, रडत रडत. त्यांची आकांक्षा बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह पाहिजे होतं, आणि मिळाली होती एकच पिशवी. मी कॉम्प्युटर लावला. ओ निगेटिव्ह एकच निघाला, इथला कैलास, आणि त्यानं तीनच आठवड्यांपूर्वी रक्त दिलेलं. पुंडलिकरावांच्या नावावर तर दिवाळीआधीच्या चार महिन्यांत पाच वेळा रक्त दिल्याच्या तारखा! एक माणूस चार महिन्यांत पाच वेळा रक्त देतो का रे? तरी मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, बाई, माझा तर बी पॉझिटिव्ह हाय. त्या नंबरावर आणखी माणसं आहेत, हे घाईत मला सुचलंच नाही, मी फोन ठेवला.

त्या वेळी त्यांच्याच ओट्यावर तानबा विडी ओढत बसला होता. ओ निगेटिव्ह तानबा! नाव कळलं असतं तर एका हाकेवर उठला असता. तासाभरात सावंगीत असता.

संध्याकाळी बाबा आले. चप्पलही काढली नव्हती, मी सांगायला लागले, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "अल्लीपूरचा तानबा हाय ना, त्याले काऊन नाई बोलावलं?" तोवर नागपूरहून रक्त आलं होतं, सहा तासांनी. आकांक्षा वाचली, मुलगी छान आहे. पण आकांक्षाची गर्भपिशवी काढावी लागली. बावीस वर्षांची पोर. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत अजून एक बाटली मिळती तर थांबून पाहता आलं असतं. जीव वाचला हेच खूप, असं लोक म्हणून राह्यले. म्हणोत बापडे. माझा जळफळाट होतो.

मला वाटलं, बाबा आता तरी तुला फोनवर झाडतील. त्यांनी काय केलं ठाऊक आहे? दुसऱ्या दिवशी शोभाबाईंच्या दारात जाऊन हात जोडले आणि सांगितलं, माझ्या हातून चुकीचं बटन दाबल्या गेलं. शेजारचे प्रभाकरराव भर दुकानात बाबांना म्हणाले, बंडूजी, या वयात नाई ते खेळ कायले खेळता? बाबा कापड मोजत राहिले. शोभाबाई त्यांच्याशी बोलत नाहीत. आणि मला आईची शपथ घातली आहे, गजूला कळता कामा नये, तो तिकडे एकटा असतो, मनाला लावून घेईल. म्हणून लिहितेय. त्यांनी नवी वही आणली आहे. अडुसष्टाव्या वर्षी, या उन्हात, दर रविवारी दुकान बंद ठेवून एसटीनं असं पी.पी. नंबरांचं एकेक गाव फिरतात. प्रत्येक दारात आधी चूक कबूल करतात, मग नाव विचारतात. सतरा तारखेच्या रविवारी अल्लीपूर आहे, सकाळी सातची गाडी. तू शनिवारी येजो. वही तू धरायची. आणि पुंडलिकरावांच्या ओट्यावर अकराही माणसं जमली, तानबा समोर बसला, की बाबांनी तोंड उघडायच्या आत, बटन कोणी दाबलं ते तुझ्या तोंडानं सांगायचं. नाही आलास तर मी सांगीन. शपथ तर मी मोडलीच आहे.

शनिवारी दारात दिसलास तरच तुझी,
अंजूताई