दुपारी अडखळणारा गेम

आबा, धुळ्याकडच्या त्या कॉम्प्युटरबद्दल मी तुमच्याशी कधीच बोललो नाही. तुम्ही समोर होता तेव्हा जीभ उचलली नाही, आणि आता तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर कागद घेऊन बसलोय.

जळगावातलं आपलं दुकान तुमचं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, पुढे टीव्ही दुरुस्त करत तुम्ही ते उभं केलंत. मी पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो आणि पहिल्याच महिन्यात तुमचं टेबल मागच्या भिंतीला सरकवलं. पुढे काचेचं काउंटर आलं, काचेमागे मी आलो. तुम्ही मागे बसून सोल्डरिंग करत राहिलात, आणि मला वाटायचं की तुमचे दिवस संपले, आता माझे सुरू झाले. इतका शहाणा होतो मी तेव्हा.

धुळ्याजवळच्या एका गावात कापूस पिकवणाऱ्या घरात मी मशीन बसवून दिलं होतं. पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेलं, पण पोरं त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. उन्हाळा लागला आणि तक्रार आली. सकाळी गेम मस्त पळतो, दुपारी गाडी अडखळते, चित्र थिजतं, कधी मशीनच बंद पडतं. मी दोनदा जाऊन आलो. माझ्यासमोर सगळं ठीक. मशीन दुकानात आणून दिवसभर चालवलं, तरी ठीक. विंडोज नव्यानं टाकलं, रॅम बदलली, डिस्प्ले कार्ड बदललं. घरी नेलं की पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला घरमालक स्वतः कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं आले. काउंटरवर आदळून म्हणाले, "गावात आणखी तीन घरं घेणार होती तुमच्याकडून. आता काय सांगू त्यांना?" तेवढ्यात तुम्ही हात पुसत मागून येता. म्हणता, "अरे, बिघाड सेटमध्ये सापडत नसला तर घरात शोधावा. भरदुपारी जा आणि नुसता बसून राहा. हात लावू नकोस कशाला." आणि मी, गिऱ्हाइकादेखत, मोठ्यानं म्हणतो, "आबा, हा रेडिओ नाही. दोन थपडा मारल्या की सुरू व्हायला." ते गृहस्थ हसले. तुम्हीसुद्धा हसलात, आणि मागे जाऊन टेबलावरचा दिवा लावलात. तुमचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

डबा दुकानात पुन्हा ठीकच चालला आणि ते तो घरी घेऊन गेले. चार-पाच दिवसांनी तुम्ही सकाळीच बाहेर पडलात. चाळीसगावला कुणाला तरी भेटायचं म्हणालात. संध्याकाळी आलात, तांब्याभर पाणी प्यायलात, आणि विषय संपला.

पुढच्या आठवड्यात त्या घरून दुकानात फोन आला. तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात. ओसरीवर त्यांच्या म्हाताऱ्या आईशी गप्पा मारत बसलात, इतका वेळ की पाहुणे उरला नाहीत. दुपारी पोरांनी गेम लावला, तशा त्या आजी उठल्या, पंचा भिजवून पिळला आणि माठाला गुंडाळतात तसा कॉम्प्युटरच्या डब्याला गुंडाळला. हवा जायच्या सगळ्या जाळ्या बंद. तुम्ही विचारलंत तेव्हा आजी म्हणाल्या, "तुमना पोऱ्यानीच सांगं व्हतं, मशीन थंडं ठेवा. मंग मी दुपारले वलं फडकं टाकस. पाव्हना उना म्हंजे काढी लेस." पाहुणा आला की काढून घ्यायच्या. म्हणजे मी गेलो की काढून घ्यायच्या. थंड ठेवा हे तर मीच बजावलं होतं. पंचा कसला, माझाच सल्ला त्या डब्याला गुंडाळला होता.

तुम्ही आजींना एका शब्दानं दुखवलं नाहीत. पंचा माठावर टाकायला सांगितलात, डबा भिंतीपासून पुढे ओढलात, आणि पोरांच्या शर्यती संपेपर्यंत तिथेच बसलात. निघताना म्हणालात, "पोराच्याच डोक्यात आलं हे. त्याला वेळ नव्हता म्हणून मला पाठवलं." हे सगळं सांगून ते गृहस्थ फोनवर म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला, काय डोकं आहे!"

मी म्हणालो, "हो, मीच पाठवलं होतं त्यांना."

तुम्ही चार हातांवर बसला होतात. सोल्डरिंगचा धूर वर जात होता. मी रिसीव्हर ठेवला आणि उगाच काच पुसायला लागलो. तुम्ही विचारलंत, "चालतोय ना आता त्यांचा?" मी "हो" म्हणालो. तुम्ही म्हणालात, "बरं झालं." मला तेव्हा वळून तुमच्याकडे बघता आलं असतं. नाही बघितलं. पुढे तुम्ही दुकानात येणं हळूहळू कमी केलंत, आणि मी लोकांना सांगत राहिलो की आबांचे डोळे थकलेत.

आता माझ्या हाताखाली पोरं शिकतात. गेम कधी पळतो, कधी अडखळतो अशी तक्रार आली की मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. ओसरी, आजी, ओला पंचा, सगळं सांगतो. पोरं हसतात, वहीत लिहून घेतात. परवाही सांगितली. आबा, त्या गोष्टीत ओसरीवर बसलेला माणूस मीच असतो.