माईक न घेता

बाबा, तुमचा पांढरा शर्ट अजून माझ्याकडे आहे. तुम्ही विहारात घालायचात तो. माझ्या पहिल्या व्हिडिओसाठी तुम्हीच इस्त्री करून दिलात आणि तोच माझा गणवेश झाला. गुळगुळीत दाढी, पांढरा शर्ट, प्रेमाचं गाणं. सिंदेवाहीकडच्या आया म्हणायच्या, जावई असा पाहिजे. तुम्ही गावच्या भीमगीत मंडळात आयुष्यभर गायलात. समोर माईक ठेवला तर बाजूला सरकवायचात. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, एवढाच तुमचा नियम. मी स्टुडिओत माईकला ओठ लावून कुजबुजायचो. एकदा ऐकून तुम्ही म्हणालात, "पोरीसाठी म्हणून राह्यला का आरशासाठी?" आई हसली. मीही हसलो.

कुरखेड्याच्या शाळेच्या पटांगणात माझा कार्यक्रम होता. तुम्ही न सांगता आलात, मागे उभे राहिलात. नाचताना माझ्या पायात अडकून माईकची वायर निघाली. गाणं चालूच राहिलं. मी ओठ हलवत राहिलो, लोक टाळ्या वाजवत राहिले. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

"वायर निघाली होती ना?"

"सगळे असंच करतात, बाबा."

"करत असतीन." मग उतरताना, "माह्या वेळी वंदना तू घेजो. माईक नाई पाह्यजे."

नदीकाठ. भर दुपार. तुमची चिता रचलेली. सगळेच पांढऱ्या कपड्यांत, त्यामुळे माझा शर्ट पहिल्यांदाच उठून दिसत नाही. तुमच्या मंडळातले म्हातारे खंजिरीवाले भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवतात. "घे बेटा. बापानं सांगतलं होतं आमाले." मी वंदना सुरू करतो. वाऱ्यात माझा आवाज मलाच सापडत नाही. मागून एक बाई ओरडते, "काऊन रे, जोरात म्हण ना!" दुसऱ्या ओळीला भाऊंनी सूर उचलला, त्यांच्यामागे सगळ्यांनी. मी पुढे उभा होतो.

घरी आल्यावर बायका आईला म्हणाल्या, "पोरानं बापाले नीट पोचवलं, बाई." आई अजून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी अजून गातो, लग्नाच्या हॉलमध्ये, नवरा-नवरी आत येताना. केस काळे करतो. गाणं मागून वाजतं.

हे आईला वाचून दाखवायचं ठरवून लिहायला बसलो होतो. दाखवणार नाही. त्या दुपारी दुसऱ्या ओळीपासून मी नुसते ओठ हलवत होतो, बाबा. सवयीने.