तीनशे तीनचा पत्ता

१८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू पार पडलं. पार्किंगमधल्या गाड्या सकाळीच बाहेर काढायला लावल्या. दोन जणांनी कुरकुर केली. ऐकून घेतलं. मॅनेजर म्हणजे ऐकून घेणाराच.

धाकट्या मालकांनी बजावलं होतं, "आबा, फोटो नकोत, व्हिडिओ घ्या. रिकाम्या खोल्यांचे फोटो कोण बघत नाही. माणसं हसताना दिसली की फ्लॅट भाड्यानं जातो." म्हणून उखाणे घ्यायला लावले. मोबाइल उभा धरायचा की आडवा, यातच घोटाळा. उभा धरला.

३०३ च्या सुजाताताई मागे बसल्या होत्या. दवाखान्यात सिस्टर आहेत, ड्युटीवरून तशाच आलेल्या. "मला नको," म्हणाल्या. बायकांनी सोडून दिलं होतं. मीच मोबाइलमागून बोललो, "ताई, मालक तुमचे तिकडं सीमेवर उभे, त्यांच्यासाठी तरी घ्या की नाव." मग सगळ्या मागे लागल्या. घेतलं त्यांनी.

हातात वाण, वाटीत तिळगूळ,
दीपकरावांचं नाव घेते, सोडा आता खूळ.

हशा झाला. त्या हसल्या नाहीत. मान खाली होती. व्हिडिओत लाजल्यासारखं दिसतं.

१९ जानेवारी, सोमवार

सहा व्हिडिओ बिल्डिंगच्या पानावर टाकले. सुजाताताईंचा सगळ्यांत जास्त चालला. धाकटे मालक (धा. मा.) खूश. फोनवर म्हणाले, "आबा, तुम्ही सातवी, मी एवढा शिकलेला, आणि चालतंय तुमचं!" दिवसभर अंगावर मूठभर मांस.

ही म्हणाली, "आवं, सकाळपास्नं दुसऱ्याच्या बायकांची तोंडं काय बघत बसलाय? बीपीची गोळी घेतली का?"

नव्हती घेतली.

२१ जानेवारी, बुधवार

पानावर मेसेज. नाव नाही, गुलाबाच्या फुलाचा फोटो. "फ्लॅट खाली आहे का. बिल्डिंग कुठे." लगेच उत्तर द्यायचं असा धा. मा. चा नियम. विश्रामबागपासून कसं यायचं ते सगळं लिहिलं, नकाशाची खूणही पाठवली. ती कशी पाठवायची हे मागच्या महिन्यातच शिकलो.

परत मेसेज. "ती उखाणावाली ताई तिथंच राहते का. फॅमिली वस्ती पाहिजे."

लिहिलं, हो, ३०३ ला राहतात, त्यांच्या शेजारचाच ३०४ रिकामा आहे, सगळी घरंदाज माणसं.

त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. शनिवारी बघायला येतो म्हणाला. पानावरून आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. हिला सांगितलं. ही म्हणाली, "बरं."

२४ जानेवारी, शनिवार

आज लिहायचं मन नाही. तरी लिहितो.

तो अकराला आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, पाया पडला. म्हसवडकडचा म्हणाला. लिफ्टनं वर नेलं. ३०४ उघडला, नळ सोडून दाखवला, गॅलरी दाखवली. त्याचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघराकडे तर बघितलंच नाही. गिऱ्हाईक स्वयंपाकघर बघत नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाहेर आलो आणि ३०३ चं दार उघडलं. सुजाताताई ड्युटीला निघालेल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या हातातल्या चावीकडे.

"कशी हायेस?" तो म्हणाला.

त्या आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला, मग वरची, मग साखळी.

त्यानं एका बोटानं दार वाजवलं. अगदी हळू. "मी भांडाय आलो न्हाई. सगळ्या गावानं ऐकलंय की, माझंच नाव घेतलंस. मग आता कशापाई दार लावतीस?" आणि मोबाइल दाराला लावून व्हिडिओ चालू केला. हातात वाण, वाटीत तिळगूळ. संपला की परत. जिन्यात त्यांचाच आवाज, त्यांच्याच दारावर. मागे माझाही आवाज येतो त्यात, मालक तुमचे सीमेवर.

मी उभा. चौथ्यांदा लावला तेव्हा ही जिना चढून आली, धापा टाकत. "आवं, बगत काय हुबं ऱ्हायलाय? न्या की त्यास्नी खाली." मग त्याला म्हणाली, "चला पावनं. बाईमाणूस एकटं हाय आत."

तो निमूट आला. गेटवर पुन्हा पाया पडला. म्हणाला, "खोली आवडली, आबा."

२५ जानेवारी, रविवार

सुजाताताई आमच्या खोलीत आल्या. हिच्यापाशी सगळं बोलल्या. मी तिथंच होतो.

नवरा फौजेत नाही. कधीच नव्हता. ट्रॅक्टरच्या दुकानात असतो. दीड वर्षापूर्वी त्या रात्रीच्या एसटीनं निघून आल्या. डावं मनगट पूर्ण वळत नाही, ते त्यानंच. एकट्या बाईला कोणी खोली देईना, म्हणून नवरा फौजेत असं सांगायचं ठरलं.

"इथला पत्ता एकाच माणसाला माहीत होता," त्या म्हणाल्या. "रेश्माला." रेश्मा त्यांच्याच दवाखान्यातली. नोकरी तिनंच लावून दिली, पहिले दोन महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. "काल फोनवर तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, किती घेतलेस त्याच्याकडून? परत तोंड दाखवू नको."

ही म्हणाली, "अगं, पर तिनंच सांगितलं कशावरनं?"

"दुसरं कोण आहे, काकू? व्हिडिओत काय पत्ता होता का? मजला होता? दार होतं?"

माझ्या हातात चहा होता. पिऊन टाकला.

आणखी एक आहे. तेही लिहितो. इथं नाही लिहिलं तर कुठं.

मला संशय होता. पहिल्या दिवशीच विचारलं होतं, मालक कुठं? जम्मूला. युनिट कुठलं? तर म्हणाल्या, मोठं आहे. फौजीची बायको असं बोलत नाही. मी बावीस वर्षं फौजेच्या लंगरला, जवानांच्या स्वयंपाकघरात, भाकऱ्या थापल्या, हिला आजही झोपेतून उठवून विचारलं तर माझ्या युनिटचा पत्ता सांगेल. तेव्हाच ओळखलं होतं, ही बाई खोटं बोलते.

हळदीकुंकवाला सीमेचं बोललो ते व्हिडिओसाठी नव्हे. काय तोंड करते ते बघायचं होतं. बघितलं.

२७ जानेवारी, मंगळवार

व्हिडिओ काढून टाकला. तासाभरात धा. मा. चा फोन. "आबा, सगळ्यात चालणारा कसा काय उडवला? बोट लागलं का?" हो म्हणालो. त्यांनी परत टाकला.

मग म्हणाले, "गोड बातमी. ३०४ गेला! तुमचं ते म्हसवडचं गिऱ्हाईक. टोकन आलंसुद्धा. एक तारखेला सामान घेऊन येतोय. करारावर साक्षीदार म्हणून तुमची सही घेऊ. मान तुमचा आहे."

तो शेजारी राहायला येतोय. भिंतीला भिंत.

२८ जानेवारी, बुधवार

धा. मा. ना गाठलं. म्हणालो, दादा, तो ३०३ चा नवरा आहे, त्याच्यापासून पळून आलीय ती.

"नवराच आहे ना? परका तर नाही?"

"मारतो तो तिला."

"आबा, घरचा मामला आहे. उद्या दोघं एक होतील, वाईट तुम्ही ठराल. आणि त्या बाईनं खोटं सांगून फ्लॅट घेतलाय, तो विषय मी काढू का?"

त्यांच्या डोक्यात वाईट काही नाही. त्यांना रिकामा फ्लॅट दिसतो.

मला आमची खोली दिसते. गेटशेजारची, पत्र्याची न्हाणी असलेली. नोकरी गेली की खोलीही गेली, मग मेढ्याला जायचं, भावाच्या दारात. तिथं आमचं काय आहे? या विचारानंच सगळा दिवस गेला. सुजाताताईंचा विचार त्यानंतर आला. हेही लिहून ठेवतो.

२९ जानेवारी, गुरुवार

रेश्मा गेटवर आली. पहिल्यांदाच बघितली. हातात पिशवी, सुजाताताईंचा दवाखान्यात राहिलेला स्वेटर आणि डबा. वर फोन केला. वरून उत्तर आलं, सोडू नका.

"आबा, तुम्ही तरी सांगा तिला," ती म्हणाली. "मी कशाला सांगीन? माझ्या लेकीच्या बारशाला नाव तिनं ठेवलंय. घरात दोन महिने होती, तेव्हा माझ्या सख्ख्या आईला कळू दिलं नाही ही कोण ते." रडत नव्हती. रागात होती. "कुणी सांगितलं असेल हो? तुम्ही इथंच बसता, कुणी विचारायला आलं होतं का?"

मी म्हणालो, "इथं सही करा." रजिस्टर पुढे केलं.

तिनं सही केली. पिशवी ठेवून गेली.

बावीस वर्षांत कधी कुणाला खराब अन्न वाढलं नाही. आणि हे असं.

३० जानेवारी, शुक्रवार

हिला सांगितलं. मेसेज दाखवले. ही चष्मा लावून हळूहळू वाचत गेली. मग चष्मा काढून डबीत ठेवला. मी म्हणालो, काहीतरी बोल.

"वर जाऊन सांगा."

"आणि नोकरीचं काय? कळलं तर..."

"नोकरीचं सांगू नका वर. ह्ये सांगा."

गेलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. परत आलो. हिला म्हणालो, घरात नाहीत. ही खिडकीतून वर बघत म्हणाली, "कापडं वाळत घालाय लागलीया ती. बगा की."

परत गेलो नाही.

३१ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

सकाळी ही माझ्यापुढं जिना चढली. बेल हिनंच वाजवली आणि बाजूला झाली. आत कपडे बांधून ठेवलेले होते, दोन पिशव्या. कुठं जाणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी मोबाइलच दिला हातात. त्यांनी वाचलं. अंगठ्यानं वर, खाली, परत वर.

"त्यानं नंबर विचारलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "इथं राहते का, एवढंच विचारलं होतं. तीनशे तीन तुम्ही लिहिलंत."

"व्हय."

मग दुसरंही सांगितलं. संशयाचं. मुद्दाम सीमेचं बोललो ते. हिला ते माहीत नव्हतं. हिनं माझ्याकडं असं बघितलं... जाऊ दे.

सुजाताताई म्हणाल्या, "संशय होता तर विचारायचं होतं ना, आबा. दिवाळीत काकूंनी फराळ दिला तेव्हा तुम्हाला दोघांना सांगावं असं मनात आलं होतं माझ्या."

आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी रेश्माला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा कट केला तिकडून. त्या तशाच बसल्या, फोन मांडीवर. जरा वेळानं माझ्या मोबाइलमधल्या मेसेजचे फोटो घेतले. म्हणाल्या, "नाव लपवून त्यानं माग काढला, हे आता कागदावर आहे. उद्या पोलीस ठाण्यात जाते. जबाब द्याल?"

देतो म्हणालो. खाली येऊन दोन वेळा गोळी घेतली की एकदाच, आठवत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितोय. वही आणलीय, तारखा विचारतील म्हणून.

सकाळी नऊला सुजाताताई आणि ही पुढे आल्या. मी गेटवर थांबलो. साडेदहाला टेम्पो आला. गादी, कपाट, कूलर. तो पुढे बसलेला. "आबा, उघडा."

धा. मा. ना फोन केला. सही करणार नाही म्हणालो. आधी हसले. मग म्हणाले, "चावी द्या त्यांना, सही दुसऱ्याची घेतो. आणि संध्याकाळी बसू आपण. तुमचं वय झालंय आता."

इतक्यात हिचा फोन. "आवं, पत्ता देणारा माणूस समूर पायजे म्हणत्यात साहेब. या."

"इथं टेम्पो हाय दारात."

"मग काय करताय?"

मोठ्या गेटला कुलूप घातलं. माणसांचं छोटं दार उघडंच ठेवावं लागलं, नाहीतर लोक अडकतील. त्यातून तो आत जाईल, पण कपाट जाणार नाही. ३०४ ची चावी खिशात घातली.

तो टेम्पोतून उतरला. "कुठं निगाला आबा?"

"ठाण्यात."

"माझ्यावर केस करायला? मी काय केलंय तुमचं?"

"तुज्यावर त्या करतील. मी माझं सांगाय चाललोय."

रिक्षात बसेपर्यंत मागं बघितलं नाही. रिक्षात बसल्यावर बघितलं. तो कुलूप हातात घेऊन बघत होता.

आता साडेबारा. साहेब जेवायला गेलेत. धा. मा. चे सात फोन येऊन गेले. बिल्डिंगमधल्यांचेही आलेत, गाड्या बाहेर निघत नाहीत म्हणून. तो वर गेला की निघून गेला, कोणी सांगत नाही.

बाकाच्या या टोकाला मी, मध्ये ही, त्या टोकाला सुजाताताई. सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीत. रेश्माला चार वेळा लावला. आता मेसेज लिहितायत, लिहितात आणि पुसतात. मगाशी एकदा हिच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, आबांनी चष्मा आणलाय का विचारा. जबाब स्वतः वाचल्याशिवाय सही करायची नाही म्हणावं."

हिनं मला विचारलं. मी खिसा चाचपून हिला सांगितलं, आणलाय.

हिनं त्यांना सांगितलं.