दुसऱ्या प्रोसेसरची त्रेचाळीस मिनिटं

शनिवार, ८ जानेवारी

मासिकाकडून दोन्ही प्रोसेसर आले. अंक निघेपर्यंत नावं कुणाला सांगायची नाहीत असं लिहून दिलंय, म्हणून इथेही पहिला आणि दुसराच. आज दुसरा घेतला. एक लांबलचक चित्रफीत लहान करायचं काम दिलं. तीनदा. तिन्ही वेळा त्रेचाळीस मिनिटं! खिडकीजवळच्या तापमापकावर एकवीस. नोंद केली. बाहेर उणे अठरा.

रौनी दोनपासून सौनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत लाकडं घालत होती. सहाला आत गेलो. मग सॉसेज आणि बिअर. बायको खूश, मी खूश.

रविवार, ९ जानेवारी

पहिला – एक्केचाळीस मिनिटं. तीनदा. निकाल लागला. पहिलाच वेगवान.

आठवडाभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचं, मग माझ्या हाती हे दोनच दिवस. शनिवारी दुसरा, रविवारी पहिला. शिस्त म्हणजे शिस्त.

मंगळवार, ११ जानेवारी

संपादक तोर्स्तीचा फोन. हेलसिंकीच्या ऑफिसात इन्कानं हीच चाचणी केली आणि उलटं आलं. पहिला एक्केचाळीस, दुसरा चाळीस! इन्का माझीच विद्यार्थिनी. सप्टेंबरात मीच तिला तिथे चिकटवली. तिची उमेदवारी येत्या सोमवारी संपते. तोर्स्ती सरळच म्हणाला, "तुमच्यातलं एक जण चुकतंय. मुखपृष्ठावरच्या चाचणीत तिनं घोळ घातला असेल तर मला तिला ठेवता येणार नाही."

पुन्हा मोजतो म्हटलं. बावीस वर्षं मोजतोय, माझा आकडा कधी हललेला नाही.

गुरुवार, १३ जानेवारी

इन्काची मेल. उघडली नाही. आपलं मोजून होईपर्यंत दुसऱ्याचं ऐकायचं नाही – हे मीच तिला शिकवलं होतं, विसरली वाटतं! शिवाय काय असणार? रडगाणं.

शनिवार, १५ जानेवारी

दुसरा. त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस. तापमान एकवीस.

मांजर मशीनमागे भिंतीला चिकटून झोपलं होतं. दर शनिवारी हाच उद्योग. दोनदा उचलून बाहेर ठेवलं, पुन्हा हजर. सगळे केस पंख्यात जायचे.

रविवार, १६ जानेवारी

पहिला, एक्केचाळीस. तोर्स्तीला कळवलं. रौनीनं विचारलं, पोरीशी बोललास का? म्हटलं, बोलायचं काय, आकडे आहेत. तिनं ताटं उचलली आणि आत गेली.

सोमवार, १७ जानेवारी

इन्काला काढलं. तोर्स्ती म्हणाला, काही बोलली नाही, सामान उचललं आणि गेली.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण मोजमापात दयामाया आणायची नसते. तिची मेल आता उघडून तरी काय करू?

शुक्रवार, २१ जानेवारी

धुराडं झाडणारा आला होता. आत तडा गेलाय म्हणाला, दुरुस्ती होईपर्यंत भट्टी पेटवायची नाही. तीस वर्षांत पहिला शनिवार सौनाविना! रौनीचं तोंड फुगलंय.

शनिवार, २२ जानेवारी

अंक गुरुवारीच छापायला गेला, पण मासिकाच्या संकेतस्थळासाठी चालू मशीनचा फोटो हवा होता. म्हणून दुसरा पुन्हा चालवला. चाळीस मिनिटं.

घड्याळ तपासलं. पुन्हा चालवला. चाळीस. तिसऱ्यांदा, चाळीस.

मांजर आज भिंतीशी नव्हतं, स्वयंपाकघरात होतं. जमिनीवर बसून भिंतीच्या विटांना हात लावला. गार. त्या विटांच्या पलीकडे सौनाची भट्टी आहे. आवाज नको म्हणून मशीनचं तोंड मी भिंतीकडे केलेलं. म्हणजे दर शनिवारी ते तापलेल्या विटांची हवा ओढत होतं, आणि तापला की प्रोसेसर जिवाच्या भीतीनं आपणच सावकाश चालतो. तापमापक मात्र खिडकीशी, गारव्यात. आठवीच्या पोरांना उष्णता मीच शिकवतो! गाढव आहे मी.

लगेच तोर्स्तीला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा टाकू. तिच्या जागेवर मात्र माणूस घेतलाय रे."

इन्काला मीच सांगायला हवं. माझ्याकडे तिचा ऑफिसचाच नंबर, तो आता बंद. मेलच्या खाली घरचा असेल.

रविवार, २३ जानेवारी

तेरा तारखेची मेल आज उघडली.

"सर, तुमचं टेबल सौनाच्या भिंतीला आहे, जेवायला आले होते तेव्हा बघितलंय. या शनिवारी भट्टी पेटवायच्या आधी एकदा मोजाल का? तोर्स्तींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुमचं तुम्हालाच सापडू दे."

खाली नंबर आहे. अजून लावलेला नाही.