दिवे लावले

५ मार्च २००६, रविवार. स्लाऊ, इंग्लंड.
देवयानीचे तेरा आठवडे पूर्ण. उलट्या थांबल्या. आज पोहे खाल्ले आणि ते पोटात राहिले. मीही खाल्ले. दोनदा. सोबत म्हणून.

आता माझी जबाबदारी सुरू. हॉस्पिटल चार मैलांवर, वाटेत एक बस बदलावी लागते. ऐन वेळी बायको कळा देत बसस्टॉपवर उभी राहणार का? जानेवारीत घेतलेली सेकंडहँड मायक्रा दारात उभी आहे. अडचण एकच. इंडियन लायसन्सवर इथे एकच वर्ष चालवता येतं, आणि ते वर्ष गेल्या ऑगस्टात संपलं. ज्याने पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवली (अपघात एकच, भेळेची गाडी, आणि ती चुकीच्या जागी उभी होती) त्याने म्हणे एल-प्लेट लावायची!

संकल्प : एप्रिलअखेर लायसन्स. ड्रायव्हिंग स्कूल वगैरे नाही. शिकायचं त्याने ज्याला येत नाही.

देवयानी म्हणाली, मीही शिकू का? मी हसलो. या अवस्थेत? प्रेमाने सांगितलं की तू फक्त आराम कर, बाकी मी बघतो. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

१८ मार्च, शनिवार.
थिअरी टेस्ट. प्रश्नोत्तरांत ३५ पैकी ३३. दुसऱ्या भागात नापास. त्यात रस्त्याच्या फिल्म दाखवतात, धोका दिसला की माऊस क्लिक करायचा. चौदा फिल्म. मी एकूण दोनदा क्लिक केलं. सायकलवाला आपल्या बाजूने चाललाय, बाई बाबागाडी घेऊन उभी आहे, यात धोका कुठे? लक्ष्मी रोडवर याला रिकामा रस्ता म्हणतात. ७५ पैकी ९ मिळाले, ४४ लागतात.

निष्कर्ष : या देशाच्या मानाने माझं मन फार खंबीर आहे.

देवयानीने निष्कर्ष ऐकला आणि म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग हायवे कोडचं, म्हणजे इथल्या वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि दुपारभर सोफ्यावर पाय वर करून वाचलं. माझ्यासाठी! भरून आलं.

२८ मार्च, मंगळवार.
मिडवाइफकडे पहिल्यांदा दोघं गेलो. सोळा आठवडे. बाळाचे ठोके ऐकवले. घोडा दौडतोय असं वाटलं. माझे डोळे पाणावले, पण हीटिंग फार होतं.

मिडवाइफने फॉर्म भरताना विचारलं, हॉस्पिटलला कशा येणार? देवयानीने तोंड उघडायच्या आत मी ठणकावून सांगितलं, आय विल ड्राइव्ह हर. तिने लिहून घेतलं. आता सरकारी कागदावर आहे.

३० मार्च, गुरुवार. गुढीपाडवा.
पडद्याच्या रॉडला ब्लाऊजपीस आणि तांब्या बांधून खिडकीत गुढी उभारली. शेजारच्या अरुणाताई गुढीच्या पाया पडायला आल्या आणि जेवून गेल्या. वीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर्ड. लाल गाडी स्वतः चालवतात, तीही वयाच्या मानाने जरा जोरात.

काल थिअरी पास! हलेल त्या प्रत्येक वस्तूवर क्लिक केलं. ४४ लागतात, ४५ मिळाले. म्हणजे एक जास्तच.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून आजच फोन करून प्रॅक्टिकल बुक केली. २४ एप्रिल, सकाळी १०.१४. चौदाच का ते इंग्रजांनाच माहीत.

११ एप्रिल, मंगळवार.
शनिवारी सुयशला शेजारी बसवून प्रॅक्टिस. सुयश माझ्याच ऑफिसात आहे. शिकाऊ माणसाशेजारी तीन वर्षं जुना लायसन्सवाला हवा असा इथला नियम, म्हणून त्याला घेतला. पूर्ण वेळ दाराचं हँडल धरून बसला होता. राउंडअबाउटवर म्हणे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी म्हटलं, तो आपल्याला कधी जाऊ देणार? सुयश म्हणाला, अरे बाबा, तू ब्रेक दाब आधी. पुढच्या शनिवारी त्याच्याकडे पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या शनिवारीही आहेत. लोकप्रिय माणूस.

देवयानी आता मंगळवार-गुरुवार संध्याकाळी क्लासला जाते. गर्भसंस्कार किंवा योगासारखं काहीतरी असावं. एक बाई न्यायला येते, टपावर छोटी पाटी असलेली गाडी. टॅक्सी असणार. खर्च होतो, पण मी बोलत नाही. या काळात बाईचं मन राखावं.

२० एप्रिल, गुरुवार.
देवयानीचा डावा हात दुखतोय. इंटरनेटवर पाहिलं. पाचव्या महिन्यात काहीही दुखू शकतं. तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, सेकंडमधून थर्डला जाताना दुखतो. ट्रायमेस्टर म्हणत असावी. अजून बराच वेळ आहे, म्हटलं.

२३ एप्रिल, रविवार.
फ्रिजवरच्या कागदाकडे आज लक्ष गेलं. वीस आठवड्यांचा स्कॅन : २४ एप्रिल, ११.१५. म्हणजे उद्या. टेस्टच्याच दिवशी.

देवयानी म्हणाली, टेस्ट पुढे ढकल. मी समजावलं की पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली तारीख अशी ढकलत नाहीत. आणि सगळं जुळतंय. १०.१४ला सुरू, पावणेअकराला पास, अकराला गाडी घेऊन थेट हॉस्पिटलच्या दारात. ती बाकावर बसलेली, मी चावी फिरवत आत येतोय. हे दृश्य तिला सांगितलंसुद्धा. तिने विचारलं, आणि नापास झालास तर? कसली अभद्र जीभ!

मग म्हणाली, श्रीनिवास, तू तिथे असावास असं मला वाटतं. मी म्हणालो, असेनच.

२४ एप्रिल, सोमवार. दुपारी २.
सांस्कृतिक गैरसमज झाला. नापास म्हणता येणार नाही, जरी कागदावर तसं लिहिलंय.

दोन्ही बाजूंना पार्क केलेल्या गाड्या, अरुंद रस्ता. समोरून व्हॅन आली. तिने हेडलाइट मारले. सगळ्या जगात याचा अर्थ, मी येतोय, थांब. मी थांबलो. तिने परत मारले. मी थोडा रिव्हर्सही घेतला. तीही हलेना. मागे सात गाड्या. शेवटी परीक्षक म्हणाला, ही इज लेटिंग यू गो. इथे दिवे मारले की अर्थ, आधी तुम्ही!

मला सांगा, हे माणसाला आपणहून कळणार कसं?

पुढच्या चौकात एक म्हातारी बाई गाडी वळवायला थांबली होती. मी शहाणपणाने हेडलाइट मारले. मी येतोय, थांब. ती हात हलवून थँक्यू करत थेट माझ्या पुढ्यात. परीक्षकाने हँडब्रेक ओढला. चांगला माणूस, पण घाबरट.

टेस्टपुरता सोबत आलेला सुयश मायक्रा घेऊन थेट ऑफिसला गेला, त्याची मीटिंग होती. मी बसने हॉस्पिटलात पोचलो तेव्हा साडेबारा. बाकावर कोणी नव्हतं. देवयानीला अरुणाताई घेऊन गेल्या होत्या आणि त्यांनीच परतही आणलं होतं.

२५ एप्रिल, मंगळवार.
देवयानीने काल फक्त एवढंच विचारलं, काय दिवे लावलेस? मी म्हणालो, हेडलाइट. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

स्कॅनचा फोटो दाखवला. बाळ अंगठा चोखतंय म्हणे. मला ढग दिसला, पण मी छान म्हणालो. मुलगा की मुलगी ते इथे सांगतात. तिला सांगितलंय. मला सांगत नाही. म्हणते, तू टेस्टला गेला होतास ना? यात तर्क नाही. पण सध्या तिच्याशी तर्क करू नये असं वाचलंय.

संकल्प : तिला उगाच विचारायचं नाही. आपोआप सांगेल.

२८ एप्रिल, शुक्रवार.
अकरा वेळा विचारलं. नाही सांगितलं.

९ मे, मंगळवार.
क्लासला निघायच्या आधी देवयानी टेबलाशी बसली होती. एकदम म्हणाली, हात ठेव, लाथ मारतंय. मी त्याच वेळी वाटी आणि दोन चमचे मांडून तिला व्हॅनचा प्रसंग समजावत होतो, म्हणजे चूक व्हॅनची कशी ते. वाक्य पूर्ण करून हात ठेवला. थांबलं होतं. दहा मिनिटं हात ठेवून बसलो. बाहेर टॅक्सीवालीने हॉर्न वाजवला, देवयानी गेली.

उरलेली संध्याकाळ काही सुचलं नाही. वाटी धुऊन ठेवली.

२३ मे, मंगळवार.
दुसरी टेस्ट. या वेळी पूर्ण तयारी. दिवे म्हणजे आधी तुम्ही, हे सकाळी शंभरदा म्हटलं. समोरच्या ट्रकने दिवे मारले आणि मी क्षणाचाही विलंब न लावता निघालो. दिवे मला नव्हते, माझ्या डावीकडच्या दूधवाल्याला होते.

दूधवाला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

घरी आलो तर देवयानी म्हणाली, आरशात पाहिलं होतंस का? आधी आरसा, मग सिग्नल, मग हालचाल. पुस्तक पाठ झालंय तिचं. बाळाला गर्भातच ट्रॅफिकचे संस्कार. बाकी काही नाही तरी ते मायक्रा छान चालवेल.

३० मे, मंगळवार.
मिडवाइफ. पंचवीस आठवडे. टेपने पोट मोजलं, सगळं उत्तम. माझं कोणी मोजलं नाही, पण पॅन्टचं बटण लागत नाही. मला डोहाळे लागलेत असं अरुणाताई सगळ्यांना सांगतात.

मिडवाइफने जुना फॉर्म काढून विचारलं, यूअर हजबंड इज स्टिल ड्राइव्हिंग यू इन? मी हो म्हणायला श्वास घेतला. देवयानी म्हणाली, नो, माय नेबर. मिडवाइफने माझ्यावर काट मारली. एकच रेघ, पण पट्टी लावल्यासारखी सरळ.

बॅकअप प्लॅन असलेला बराच. पण मूळ प्लॅन मीच आहे.

वाटेत देवयानीने इन्शुरन्सच्या एका कागदावर माझी सही घेतली. बाळाचं काहीतरी असेल. वाचलं नाही. विश्वास हा संसाराचा पाया.

८ जून, गुरुवार. संध्याकाळी ७.
देवयानी पास झाली.

कशात, असं मी विचारलं. योगामध्येही परीक्षा असते हे माहीत नव्हतं. तिने सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. पहिल्याच फटक्यात, फक्त चार चुका, सहा महिन्यांचं पोट स्टिअरिंगला टेकवून. मी म्हणालो, तू मला क्लास सांगितला होतास. ती म्हणाली, क्लासलाच जात होते. कसला ते तू विचारलं नाहीस.

टपावरची पाटी आठवली. ती टॅक्सी नव्हती.

मग तिने मायक्राच्या एल-प्लेट काढून माझ्या हातात दिल्या, ठेव म्हणाली, तुला लागतील. आणि मला डावीकडे बसवून दुकानात घेऊन निघाली. रस्ताभर गाड्यांवर इंग्लंडचे झेंडे, वर्ल्ड कप उद्यापासून. त्याच अरुंद रस्त्यावर समोरून व्हॅन आली. दिवे मारले. देवयानीने जरासा हात वर केला आणि गेली. दोन सेकंदांचं काम. मला फार वाईट वाटलं. तिच्यामुळे नाही.

रस्त्यावरून नजर न काढता ती म्हणाली, मी मार्चपासून तुला दिवे दाखवतेय श्रीनिवास. पुढे ये म्हणून. तू आपला दर वेळी थांबतोस.

मी मांडीवरच्या एल-प्लेट सरळ केल्या. मग विचारलं, आता तू शेजारी बसून मला प्रॅक्टिस देशील ना? ती म्हणाली, कशी देऊ, लायसन्स तीन वर्षं जुनं लागतं. तोपर्यंत ही पावणेतीन वर्षांची होईल.

मी बोटांवर मोजलं. जून दोन हजार नऊ. बाळ सप्टेंबरचं. पावणेतीन, बरोबर. तिचं गणित पहिल्यापासून चांगलं आहे.

दुकान झालं, परत फिरलो. ‘ही’ कोण, हे माझ्या डोक्यात शिरायला घराजवळचा राउंडअबाउट यावा लागला. नक्की मुलगी का, म्हणून विचारायला मान वळवली, तर गाडी दारात लागली होती आणि देवयानी पिशव्या घेऊन कुलूप उघडत होती. मी पट्टा लावून, मांडीवर एल-प्लेट घेऊन तसाच बसलो होतो.