चिंचेने न गेलेला रंग

सोलापूर,
१२ नोव्हेंबर १९७६

ती. सौ. बसव्वा वहिनींना शांताचा नमस्कार.

तुमच्या शेंगापोळ्या आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी चाटूनपुसून संपवल्या. अण्णा चष्मा लावून हे मोठ्याने वाचतोय ना? त्याला म्हणावं, सावकाश वाच. तुम्हाला अक्षर येत नाही म्हणून तो मधल्या ओळी गिळतो, हे मला ठाऊक आहे.

दिवाळीत आपण त्याच्या सुटलेल्या पोटाला हसलो. “बसव्वाच्या हातचं अंगी लागलंय की!” असं तोच म्हणाला. पण वहिनी, त्याचे दंड बारीक झाले होते, सदरा खांद्यावरून उतरत होता. म्हणून तर मी त्याला इथे दवाखान्यात ओढून आणलं. पोट सुटलं नव्हतं, डाव्या बाजूची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती.

त्याचं रक्त मीच तपासलं. दुसऱ्या कुणाला रक्ताच्या काचपट्टीला हात लावू दिला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींच्या कडेला घोंगडीसारखे बारीक केस दिसले. असल्या पेशी मी फक्त पुस्तकात पाहिल्या होत्या. तुम्ही तांब्याचा हंडा चिंचेने घासता ना, त्या चिंचेतलं आम्ल आम्हीही वापरतो. ते घातलं की बाकीच्या पेशी लाल रंग धरत नाहीत. या केसाळ पेशींनी मात्र धरला. दुसरी काच रंगवली, तरी तेच. मग खुर्चीतच रडले.

हा रक्ताचा कर्करोग आहे.

अण्णा, थांबू नकोस. वहिनी तुझ्या तोंडाकडे बघत असतील. पुढचं वाच.

ही जात विरळा आहे, आणि संथ. इतर कर्करोगांची जहाल औषधं यात उलट घात करतात. डॉक्टर तीच सुरू करणार होते, काच दाखवल्यावर थांबले. पानथरी काढली तर माणसं पुढे वर्षानुवर्षं हिंडतात-फिरतात. खात्री देत नाही, पण आशा आहे, आणि ती खोटी नाही.

शस्त्रक्रियेचा विषय काढला तर अण्णा म्हणाला, “मला काय बी झालं न्हाय. बसव्वाला सांगू नको, लई घाबरंल ती.” मी बरं म्हणाले. तो शब्द मी मोडलेला नाही, वहिनी. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तो सांगतोय, स्वतःच्या तोंडाने.

आता त्याचा हात धरा आणि सोमवारच्या एस.टी.ने दोघं या. मी स्टँडवर उभी असेन.

ऐकणारीची आणि वाचणाऱ्याची,
शांता